रेस काही केल्या खाली येईना: थ्रॉटल बॉडीची कूलंट नळी बायपास करण्याआधी

गाडी पूर्ण तापली तरी टॅकोचा, म्हणजे आरपीएम दाखवणारा, काटा १६००च्या खाली उतरत नाही. मिस्त्री स्क्रू पिळून रेस कमी करून देतो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी चालू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते. पुन्हा गॅरेज, पुन्हा स्क्रू, पुन्हा १६००. तुमची गाडी याच फेऱ्यात अडकली असेल आणि मधल्या काळात कुणी थ्रॉटल बॉडीखालच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) दोन बारीक कूलंट नळ्या काढून ‘बायपास’ केल्या असतील, तर आता त्या स्क्रूला हात लावू नका. दोष तिथे नाही.

आमची गाडी म्हणजे मामांची १९९१ची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर इंजिनाची. मामा इंग्लंडहून कायमचे परत आले तेव्हा भांडीकुंडी आणि पुस्तकांच्या खोक्यांबरोबर हीही आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, डोळे मिटणाऱ्या दिव्यांची. नाशिकच्या गंगापूर रोडला सिग्नलवर उभी राहिली की शेजारचा स्कूटरवाला हमखास विचारतो, “किती देते?”

सुरुवात झाली कूलंट कमी होण्यापासून. पंधरा-वीस दिवसांनी टाकीतली पातळी खालच्या रेघेला टेकायची. पार्किंगमध्ये जमिनीवर एक थेंब नाही, पण बोनेट उघडलं की गोडसर वास. शेवटी बॅटरीच्या उजेडात सापडलं: थ्रॉटल बॉडीच्या तळाशी जाणाऱ्या नळीला क्लिपच्या कडेने चीर गेली होती. थेंब गरम इंजिनावर पडून जागच्या जागी वाळायचा आणि मागे नुसता पांढुरका डाग राहायचा. तीस वर्षांचं रबर, त्याचा तरी काय दोष.

मूळ वळणाची नळी इथे मिळेना. मुंबई नाक्याकडच्या एका मिस्त्रींनी सोपा मार्ग काढला. दोन्ही नळ्या थ्रॉटल बॉडीवरून उपसल्या आणि मधे तुकडा टाकून एकमेकींना जोडून दिल्या. वर म्हणाले, “हे थंड देशातलं झेंगट आहे साहेब. आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? उलट हवा गार जाईल, पिकअप वाढेल.” मामा खूश. मीही मान डोलावली, कारण असंच काहीतरी मीही वाचलेलं होतं.

गळती थांबली, ते श्रेय त्यांचंच. पण त्याच संध्याकाळी रेस वर अडकली, आणि पुढच्या दोन महिन्यांत आम्ही गॅरेजच्या चार फेऱ्या मारल्या. चौथ्या वेळी आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीतली रेस सांभाळणारा, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बदलायचा सल्ला मिळाला. त्याची किंमत ऐकल्यावर मामा म्हणाले, “थांब, आधी आपण बघू.” नाशिकच्या माणसाचं डोकं खर्चाच्या आकड्यावर चांगलं चालतं.

आता मुद्द्याचं. थंड इंजिनाला चालू राहायला जास्त हवा आणि जास्त पेट्रोल लागतं, कारण ऑइल घट्ट असतं आणि गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. पेट्रोलचं गणित ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतो, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बघून. हवेचं काम मात्र या पिढीच्या गाडीत दोघांत वाटलेलं आहे. एक सोलेनॉइड, तो ईसीयूच्या ताब्यात. एसी लावला, दिवे लावले, स्टिअरिंग वळवलं की आयडल सावरायचं, अशी बारीकसारीक कामं त्याची. दुसरा मेणाचा व्हॉल्व्ह. याला वायर नाही, प्लग नाही, ईसीयूला तो आहे हेही माहीत नाही. एका छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. ते तापून वितळायला लागलं की फुगतं, एक दांडी पुढे ढकलतं आणि बटरफ्लायला, म्हणजे थ्रॉटलच्या झडपेला, वळसा घालून जाणारी हवेची वाट बंद करतं. गार झालं की स्प्रिंग दांडी मागे घेते, वाट पुन्हा उघडते.

ते मेण तापतं कशाने? त्या दोन नळ्यांतल्या कूलंटने. या नळ्या थ्रॉटल बॉडीला ऊब द्यायला आहेत, असं जो तो सांगतो, आणि ऊब त्या देतातही. पण आपल्या गाडीत त्यांचं मोठं काम निरोप्याचं आहे: इंजिन तापलं, आता जादा हवा बंद कर. आम्ही निरोप्यालाच वाटेत वळवलं. मग द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन ९० अंशांवर असलं तरी व्हॉल्व्ह आपला पहाट आहे असं समजून उघडाच. स्क्रू पिळून त्या उघड्या वाटेची भरपाई केली की गरम गाडीची रेस थोडी उतरते खरी, पण सकाळच्या गार इंजिनाला तेवढी हवा पुरत नाही आणि ते बसतं. एकच स्क्रू, दोन ऋतू. दोन्हीकडे बरोबर बसणारी जागा त्याला नाहीच.

काहींच्या गाडीत रेस वर अडकण्याऐवजी झोके घेते, १२०० ते १८०० आणि परत. तेही याचंच भावंड. पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि आरपीएम मात्र चढलेले, हे बघून ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे. तो पेट्रोल तोडतो, रेस पडते, तो पेट्रोल पुन्हा देतो, रेस चढते. बघणाऱ्याला वाटतं पेट्रोल पंप गेला.

पण रेस वाढण्याचं कारण व्हॅक्यूमची गळतीही असू शकते, म्हणून आधी ती बाद करा. फरक असा: मेणाच्या व्हॉल्व्हमधून जाणारी हवा एअर फ्लो मीटरमधून मोजून आलेली असते, त्यामुळे ईसीयू तिच्या मापाने पेट्रोल देतो आणि इंजिन नुसतं जोरात पण गुळगुळीत फिरतं. फाटक्या व्हॅक्यूम पाइपातून शिरणारी हवा न मोजलेली. तिच्यात पेट्रोल कमी पडतं, इंजिन मिसिंग करतं, थरथरतं. कार्ब क्लीनरचा बारीक फवारा सांध्यांवर मारून रेस बदलते का ते बघतात. फवारा पेटतो हे लक्षात ठेवून, तापलेल्या एक्झॉस्टपासून लांब आणि अगदी थोडा. आमच्याकडे काहीच फरक पडला नाही.

इथे माझा एक अर्धा तास वाया गेला, तो सांगतो. बऱ्याच गाड्यांत हवेचा पाइप काढून, चालू इंजिनात थ्रॉटलच्या तोंडातल्या त्या वळशाच्या भोकावर बोट ठेवून बघतात. रेस धपकन पडली की दोष सापडला. मी पाइप काढला आणि गाडी बंद. पुन्हा स्टार्टर, पुन्हा बंद. घाम फुटला. मग आठवलं की १.६ मध्ये एअर फ्लो मीटर पाकळीचा आहे आणि पेट्रोल पंपाचा स्विच त्या पाकळीलाच जोडलेला आहे. पाइप काढल्यावर पाकळीला ढकलायला हवाच नाही, म्हणून पंप बंद. गाडी ठणठणीत होती, मीच तिचा श्वास काढून घेतला होता. तेव्हा पाकळीचा मीटर असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीवर ही बोटाची चाचणी करू नका.

त्याऐवजी थ्रॉटल बॉडी काढून बाहेर तपासली. इंजिन थंड असताना, हे सांगायला नको. रेडिएटरचं झाकण दाबाखाली असतं. बंद असताना आतलं पाणी शंभराच्या बऱ्याच वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण उघडताच एकदम उकळून अंगावर येतं. आणखी एक सूचना स्क्रूंबद्दल: व्हॉल्व्हचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि फुलीचा गोल खड्डा करून ठेवतो. जपानी मापाची टोकं मिळतात, ती आणा. नाहीतर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

सुटी झालेली थ्रॉटल बॉडी गार असताना उजेडाकडे धरली, तर वळशाची वाट आरपार दिसली. मग पातेल्यात पाणी तापवलं, व्हॉल्व्हचा भाग त्यात बुडवला आणि वाट पाहिली. काही मिनिटांत दांडी सरकत सरकत आली आणि वाट मिटली. म्हणजे मेण जिवंत होतं, सोलेनॉइडचा खर्च वाचला. पातेलं मामींचं होतं आणि त्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागलं ते योग्यच होतं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. अशा कामाला गेलेलं भांडं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही, आणि सांडलेलं कूलंट लगेच धुवायचं. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात आणि दगावतात.

व्हॉल्व्ह ठीक, मग नळ्या परत जोडायच्या, एवढंच उरलं. आमच्या गाडीत नळीचा आतला व्यास ८ मिमी निघाला. तुमची कॅलिपरने मोजा. दुकानदाराला “पाण्याचा पाइप” सांगितलंत तर तो काय वाटेल ते देईल. कूलंटसाठीची ईपीडीएम रबराची, आत धागा विणलेली नळी मागा. पेट्रोलची नळी दिसायला सारखीच असते, पण तिचं रबर पेट्रोलसाठी बनवलेलं. गरम कूलंटमध्ये ते फार दिवस टिकत नाही. पारदर्शक नळी तर अजिबात नको, ती पहिल्याच उन्हाळ्यात मऊ पडते. सरळ नळीला आखूड जागेत वळण दिलं की ती चिमटते, म्हणून थोडी लांब घेऊन मोठा फेरा द्या आणि फॅन बेल्टपासून दूर बांधा. क्लिप मी स्प्रिंगच्याच ठेवल्या. रबर तापून-गार होऊन बसतं तशी स्प्रिंग मागोमाग आवळत राहते. पेचाची क्लिप लोक उत्साहाच्या भरात इतकी पिळतात की तिच्याच कडेने नळी कापली जाते. आमची चीरही तिथेच होती.

सगळं जोडलं, गाडी चालू केली, काटा १५००वर. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. १२००पर्यंत आला आणि थांबला.

मामा काही बोलले नाहीत. चहा आणायला आत गेले, तेवढ्यात मी दोन्ही नळ्या हाताने चाचपल्या. येणारी नळी चटका देत होती, जाणारी जेमतेम कोमट. म्हणजे कूलंट आत पोचत होतं, पण पलीकडे वाहत नव्हतं. पुन्हा सगळं उघडलं. व्हॉल्व्हच्या पोटातली कूलंटची वाट क्षाराने बुजत आली होती, सळई जेमतेम जाईल इतकीच शिल्लक. पातेल्यात व्हॉल्व्ह बाहेरून तापला म्हणून पास झाला होता. आतून तुंबलाय हे पातेलं कसं सांगणार? ही चूक मी केली. चाचणी कूलंट ज्या वाटेने जातं त्याच वाटेने करायला हवी होती: नळीतून साधं पाणी सोडून बघायचं, धार पलीकडून तशीच येते का.

क्षार आला कुठून? दर पंधरा दिवसांनी जे ‘टॉप अप’ व्हायचं, ते बोअरच्या पाण्याचं. आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी बादलीत ठेवलं तरी कडेला पांढरी रेघ उमटते. तेच ९० अंशांवर अरुंद वाटेत फिरवलं तर काय होणार. म्हणजे गळतीने टॉप अप लागला, टॉप अपने क्षार साठला, आणि बायपास झालाच नसता तरी ही रेस एक दिवस अडकणारच होती. तुमची गाडी कधीच बायपास केलेली नसेल आणि तरी हीच लक्षणं असतील, तर इथूनच सुरुवात करा. एक नळी गरम, दुसरी गार, एवढी खूण पुरे.

सफाईला कुणी संडास साफ करायचं ॲसिड सुचवलं. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियम खातं, क्षार जाईल तसा धातूही जाईल. आम्ही किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून थोडा थोडा वेळ वाटेत भरून ठेवलं, ओतून दिलं, पुन्हा भरलं. तीन-चार वेळा केल्यावर पाणी मोकळं वाहिलं. मग भरपूर साध्या पाण्याने धुतलं. सळईने कोरायचा मोह आवरा, आत मेणाची डबी आहे.

या वेळी नवं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं घातलं. पूर्ण यंत्रणेत साधारण ६ लिटर बसतं. गाडीचं तोंड सोसायटीच्या रॅम्पवर चढतं करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थंड इंजिन झाकण उघडं ठेवूनच चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो. ही पायरी घाईत उरकली की हवेचा बुडबुडा नेमका वरच्या वाटेत अडकतो आणि मेणाला पुन्हा निरोप पोचत नाही.

आता कुठे स्क्रूची पाळी. कुणीकुणी पिळून ठेवलेला, त्यामुळे नव्याने बसवायलाच हवा. बोनेटखालच्या डायग्नोसिस डबीत टीईएन आणि जीएनडी या दोन टोकांत वायरचा तुकडा टाकायचा, म्हणजे ईसीयू आयडलमध्ये लुडबुड करत नाही. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी-दिवे-पंखा बंद. मग हवेचा स्क्रू फिरवून ८५० आरपीएम, पन्नास इकडे-तिकडे चालेल. वायर काढायला विसरू नका. वायर टाकल्याशिवाय स्क्रू फिरवला तर तुम्ही एकीकडे ओढता आणि ईसीयू दुसरीकडे. आमच्या चारही गॅरेजफेऱ्यांत ही वायर कुणी टाकल्याचं मला दिसलं नाही.

राहिली ‘पिकअप वाढेल’ ही गोष्ट. ६००० आरपीएमला १.६ लिटरचं इंजिन सेकंदाला जास्तीत जास्त ८० लिटर हवा ओढतं. साडेपाच सेंटीमीटरच्या भोकातून तेवढी हवा सेकंदाला तेहतीसेक मीटर वेगाने जाते. थ्रॉटल बॉडीची लांबी टीचभरही नाही, म्हणजे हवा तिच्या भिंतीजवळ सेकंदाच्या हजाराव्या भागाचे दोन-तीन भाग राहते. तेवढ्यात ती किती तापणार? आणि मिस्त्रींच्या शब्दाखातर ती तीन अंशांनी गार आली असं धरलं, तरी हवेची घनता एक टक्का वाढेल. ११५ अश्वशक्तीच्या इंजिनात एक अश्वशक्ती. मामांनी डिकीतलं जुनं सामान बाहेर काढलं असतं तर याहून जास्त फरक जाणवला असता.

आणि बर्फाचं? ती भीती मला इथे वाटत नाही. निफाडला थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो हे खरं, पण दमट हवेत थ्रॉटलवर बर्फ धरण्याचा खरा त्रास कार्ब्युरेटरला, कारण तिथे पेट्रोलची वाफ होताना आसपासची उष्णता ओढली जाते. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या इनटेक व्हॉल्व्हपाशी पडतं. इगतपुरीच्या धुक्यात किंवा कसाऱ्याच्या घाटात नळीवाचून अडेल असं नाही. मनाली-लेहला जाणार असाल तर मात्र नळी हवीच.

म्हणून बायपास कधीच करू नये असं मी म्हणत नाही. तुमच्या गाडीत आयडल पूर्णपणे ईसीयूच्या स्टेपर मोटरवर किंवा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवर चालत असेल, मेणाचा व्हॉल्व्ह नसेल, तर आपल्या हवामानात बायपासने आयडल बिघडायचं कारण नाही. जुन्या युरोपियन गाडीत कार्ब्युरेटरचा चोक पाण्याने तापणारा असेल तर उलट. तिथे नळी वळवली की चोक मिटलेलाच राहतो, गाडी काळा धूर सोडते आणि पेट्रोल पिते. आणि एमएक्स-५सारख्या गाडीत बायपास करायचाच असेल तर व्हॉल्व्हची हवेची वाट पत्र्याची चकती टाकून बंद करावी लागते. मग सकाळी दोन-तीन मिनिटं ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसायची तयारी हवी. डिसेंबरात मामा बसणार नाहीत, हे मला माहीत होतं.

बायपास केलात तर दोन टोकं बोळे मारून बंद करू नका. काही गाड्यांत थर्मोस्टॅट मिटलेला असताना कूलंट फिरत ठेवायला हीच वाट मदत करते. टोकं एकमेकींना जोडा, प्रवाह चालू राहू दे. जोडायला प्लॅस्टिकची कांडी नको, ती उष्णतेने ठिसूळ होऊन नेमकी लांबच्या प्रवासात तुटते. अंबडच्या एका टर्नरने मला पितळेची कांडी लेथवर काढून दिली, दोन्ही टोकांना नळी सटकू नये म्हणून उंचवटा ठेवून. ती आता गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत असते. रस्त्यात नळी फुटलीच तर दहा मिनिटांत बायपास करून, चढ्या रेसने का होईना, घरी येता येईल. बायपासचा माझ्या लेखी खरा उपयोग हाच.

चार महिने झाले. टाकीतली पातळी रेघेवर आहे, गरम गाडी ८५०च्या आसपास थांबते. सकाळी चालू केल्यावर काटा वर जातो आणि मामा दूध आणायला निघून सोमेश्वरपर्यंत पोचतात तोवर आपोआप खाली येतो. मागच्या आठवड्यात टॉप अपसाठी वॉचमन बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन आला होता. मामांनी ती झाडाला घातली.